पाचास एक: न्यूयॉर्कमधल्या एका रिपब्लिकन विजयाचा हिशेब

7 नोव्हेंबर 1989 रोजी न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे डेव्हिड डिंकिन्स आणि रिपब्लिकन पक्षाचे रुडी जुलियानी समोरासमोर उभे होते. डिंकिन्स 47,080 मतांनी जिंकले आणि शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. चार वर्षांनी, 2 नोव्हेंबर 1993 रोजी, तेच दोघे पुन्हा लढले आणि जुलियानी 53,367 मतांनी जिंकले. दोन्ही वेळा दोघांची मिळून साधारण 18 लाख मतं पडली होती. तिथे मतदार म्हणून नाव नोंदवतानाच आपला पक्ष कळवता येतो. शहरात त्या काळी असे नोंदणीकृत डेमोक्रॅटिक मतदार रिपब्लिकन मतदारांच्या जवळपास पाचपट होते.

एखाद्या महानगरात दुबळा पक्ष जिंकला की आपण ‘लाट होती’, ‘लोक कंटाळले होते’ असं म्हणून मोकळे होतो. खरंच काय बदललं हे तपासायची संधी क्वचित मिळते, कारण दर निवडणुकीत उमेदवार बदलतात, मुद्दे बदलतात, मतदारसंघाच्या सीमाही बदलतात. इथे उमेदवार तेच, पक्ष तेच आणि शहराची हद्दही तीच होती. त्यामुळे कुठली मतं हलली आणि का हलली, हे विभागवार पाहता येतं. मोठ्या शहरातल्या दुबळ्या पक्षाच्या संधीबद्दल ज्यांना मनापासून विचार करायचा आहे, त्यांनी या दोन निकालांचे आकडे शेजारी ठेवून वाचावेत असं मला फार वाटतं. ते वाचल्यावर लाटेची भाषा टिकत नाही.

आधी एक फरक सांगायला हवा. मुंबईत महापौर नगरसेवक निवडतात. 2017 साली 227 जागांच्या सभागृहात शिवसेनेच्या 84 आणि भाजपच्या 82 जागा आल्या. भाजपने महापौरपदाला उमेदवार दिला नाही आणि विश्वनाथ महाडेश्वर महापौर झाले. तिथे सगळा प्रश्न सभागृहातल्या बेरजेचा होता. न्यूयॉर्कमध्ये महापौराला मतदार थेट निवडतात. प्रशासन त्याच्या हातात असतं, अर्थसंकल्प तो मांडतो, पोलिस आयुक्त तो नेमतो. आपल्याकडे याच्या जवळ जाणारा अनुभव लहान शहरांचा आहे. 2016 साली थेट नगराध्यक्ष निवडले गेले, तेव्हा कित्येक ठिकाणी नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्या पक्षाचं, असं झालं. एकाच मतदाराने एकाच दिवशी दोन निशाण्यांना मत दिलं. माणूस आणि पक्ष यांत मतदार असा फरक करू लागला की दुबळ्या पक्षाला दार थोडं उघडं मिळतं.

बेरीज कुठे वाढली

1989 ते 1993 या चार वर्षांत डिंकिन्स यांची मतं 9,17,544 वरून 8,76,869 वर आली, म्हणजे 40,675 नी घटली. जुलियानींची 8,70,464 वरून 9,30,236 वर गेली, म्हणजे 59,772 नी वाढली. या दोन आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे आणि मला तीच या प्रकरणाचा गाभा वाटते. डिंकिन्स यांच्या मतांत झाली तेवढी घट होऊनही जुलियानी 1989 च्या आकड्यावरच थांबले असते, तर डिंकिन्स सहा हजारांहून जास्त मतांनी पुन्हा निवडून आले असते. उलट, डिंकिन्स यांनी आपलं एकही मत गमावलं नसतं, तरी जुलियानींच्या वाढलेल्या मतांपुढे ते साडेबारा हजारांनी हरले असते.

सत्ताधाऱ्यांचे मतदार नाराज होऊन घरी बसतील आणि आपण आपोआप निवडून येऊ, ही दुबळ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांची लाडकी आशा असते. 1993 चा हिशेब ती आशा साफ मोडतो. नाराजीने अंतर कमी होतं, निकाल फिरत नाही. जो काल आपल्याकडे आला नव्हता त्याने उठून, केंद्रावर जाऊन, आपल्याला मत द्यावं लागतं. आणि पाचास एक अशा शहरात तो माणूस बहुतेक वेळा समोरच्या पक्षाचा नोंदणीकृत मतदार असतो.

ही नवी मतं आली कुठून? शहराचे पाच विभाग आहेत. त्यांना बरो म्हणतात. क्वीन्स हा जुलियानींचा मोठा आधार होता, पण तिथे त्यांची मतं सात हजारांनीच वाढली. मॅनहॅटनमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास वाढ झाली. ब्रॉन्क्समध्ये तर त्यांना आधीपेक्षा हजारभर मतं कमी पडली. डिंकिन्स यांची तिथे नऊ हजारांवर घटली, कारण तिथलं मतदानच उतरलं होतं. ब्रुकलिनमध्ये जुलियानींना वीस हजार मतं जास्त मिळाली आणि स्टॅटन आयलंडवर पंचवीस हजार. स्टॅटन आयलंड हा सर्वांत छोटा बरो. 1990 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 73 लाखांच्या घरात होती आणि या बेटाची पावणेचार लाखांच्या आसपास. शहराचा विसावा हिस्सा असलेल्या बेटाने जुलियानींच्या नव्या मतांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मतं दिली. संपूर्ण शहरावर लाट असती तर वाढ अशी दोनच ठिकाणी साचली नसती.

बेटाचा राग

स्टॅटन आयलंडची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती पक्षांच्या भांडणातून सुरूच झालेली नाही.

1989 पर्यंत न्यूयॉर्कचा कारभार पाहणारं ‘बोर्ड ऑफ एस्टिमेट’ नावाचं एक शक्तिशाली मंडळ होतं. अर्थसंकल्प, जमिनीचा वापर, मोठी कंत्राटं, सगळं तिथे ठरायचं. महापौर आणि शहरभरातून निवडलेले आणखी दोन पदाधिकारी यांना प्रत्येकी दोन मतं, आणि पाच बरोंच्या अध्यक्षांना प्रत्येकी एक. म्हणजे 23 लाख वस्तीच्या ब्रुकलिनला एक मत आणि पावणेचार लाखांच्या स्टॅटन आयलंडलाही एकच. मार्च 1989 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही रचना ‘एक व्यक्ती, एक मत’ या तत्त्वाविरुद्ध ठरवली. शहराची नवी सनद तयार झाली, मंडळ बरखास्त झालं, महापौर आणि नगर परिषद यांच्याकडे अधिकार गेले. डिंकिन्स निवडून आले त्याच दिवशी मतदारांनी ही सनदही मंजूर केली.

न्यायाच्या दृष्टीने निकाल बरोबर होता, याबद्दल मला शंका नाही. पण बेटावरच्या लोकांनी तो कसा अनुभवला हेही पाहायला हवं. शहराचा कचरा 1948 पासून त्यांच्या दारात, फ्रेश किल्सच्या कचराभूमीवर येत होता. त्याविरुद्ध बोलायचं जे एकमेव बरोबरीचं मत होतं, तेही गेलं. त्यातून शहरापासून वेगळं होण्याची मागणी उभी राहिली. राज्य विधिमंडळाने सार्वमताला परवानगी दिली आणि अखेरचं सार्वमत ठरलं नोव्हेंबर 1993 मध्ये, महापौरपदाच्या निवडणुकीच्याच दिवशी. बेटावरचे 65 टक्के मतदार वेगळं होण्याच्या बाजूने गेले. त्यासाठी जे घराबाहेर पडले त्यांनी त्याच फेरीत महापौरासाठीही मत दिलं, आणि डिंकिन्स-जुलियानी लढतीत दर पाचांतल्या चाराहून जास्त जणांनी जुलियानींना दिलं.

सार्वमत त्या दिवशी नसतं तर जुलियानी हरले असते का? आकडे तसं म्हणू देत नाहीत. बेटावरचा निकाल हुबेहूब 1989 सारखा धरला, तरी बाकी शहराच्या जोरावर ते 26-27 हजारांनी पुढे राहतात. पण त्यांच्या मताधिक्याचा जवळपास निम्मा भाग या एका बेटावर वाढलेल्या आघाडीतून आला. ज्या राज्याच्या विधिमंडळाने परवानगी दिली त्याचे गव्हर्नर मारिओ क्युओमो डेमोक्रॅटिक होते, हेही लक्षात ठेवावं. जुलियानी या मतदारांना विसरले नाहीत: 1997 मध्ये बेटाची फेरीबोट मोफत झाली आणि मार्च 2001 मध्ये फ्रेश किल्सवर कचरा टाकणं थांबलं. शहरातून फुटण्याचा प्रस्ताव मात्र विधिमंडळातच अडकून संपला.

ब्रुकलिन, आणि वंशाचा प्रश्न

ब्रुकलिनमधली वीस हजारांची वाढ समजून घ्यायला ऑगस्ट 1991 मधल्या क्राउन हाइट्सकडे जावं लागतं. तिथे हसिदिक ज्यू आणि कॅरिबियन मुळाचे कृष्णवर्णीय शेजारी शेजारी राहतात. हसिदिक धर्मगुरूंच्या ताफ्यातल्या गाडीखाली सात वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा चिरडला गेला. त्याच रात्री जमावातल्या हल्ल्यात एका ज्यू विद्यार्थ्याला भोसकण्यात आलं आणि तो मरण पावला. दंगल तीन दिवस चालली. महापौर आणि पोलिस वेळेवर हलले नाहीत, ही तक्रार ज्यू वस्त्यांमध्ये खोल रुतली. जुलै 1993 मध्ये, निवडणुकीच्या ऐन तोंडावर, या दंगलीच्या हाताळणीवरचा राज्याचा चौकशी अहवाल आला आणि त्यात महापौरांनी वेळेत निर्णायक पावलं उचलली नाहीत असा ठपका होता. ही चौकशी गव्हर्नर क्युओमो यांच्या आदेशाने झाली होती. विरोधकाने केलेल्या आरोपापेक्षा घरच्यांच्या अहवालाचं वजन वेगळंच असतं.

गुन्हेगारीचा मुद्दा तर सगळीकडे होता. 1990 साली न्यूयॉर्कमध्ये 2,200 हून जास्त खून झाले. त्यानंतर आकडा हळूहळू उतरू लागला, आणि तो डिंकिन्स यांच्याच कारकिर्दीत उतरू लागला. पोलिसांची संख्या वाढवण्यासाठी 1991 मध्ये विधिमंडळाकडून जास्तीचा कर मंजूर करून घेतला तो त्यांनीच. त्या भरतीचं फळ मोठ्या प्रमाणात पुढच्या महापौराला मिळालं. डिंकिन्स यांच्यावर हा अन्याय झाला असं मला वाटतं आणि ते इथे नोंदवून ठेवायला हवं. पण भीती आकडेवारीच्या मागून चालत असते. रस्त्यावर फरक जाणवायला लागण्याआधी मतदान झालं.

आता अवघड भाग. कृष्णवर्णीय मतदारांपैकी जवळपास सगळे डिंकिन्स यांच्याबरोबर राहिले. गोऱ्या मतदारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जुलियानींकडे गेले, आणि त्यातले असंख्य नोंदणीने डेमोक्रॅटिक होते. सप्टेंबर 1992 मध्ये, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला नागरिकांचं स्वतंत्र मंडळ असावं या प्रस्तावाविरोधात सुट्टीवरचे हजारो पोलिस सिटी हॉलसमोर जमले, ब्रुकलिन पुलावरची वाहतूक त्यांनी अडवली, डिंकिन्स यांच्याबद्दल वंशद्वेषी फलक झळकले. त्या मोर्च्यात जुलियानी बोलले. 1993 च्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन शहरात आले आणि आपल्यापेक्षा वेगळ्या दिसणाऱ्याला मत द्यायला लोक अजून कचरतात, अशा आशयाचं बोलले. त्यावर मोठा गदारोळ झाला. वंश हा घटक नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल.

शिकागोने दहा वर्षं आधी हेच जास्त उघडपणे दाखवलं होतं. 1931 पासून तिथे रिपब्लिकन महापौर नाही. 1983 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने हॅरल्ड वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय नेत्याला उमेदवारी दिली आणि रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांना एकदम 48 टक्के मतं मिळाली. ती मतं पक्षाची नव्हती आणि नंतर पक्षाकडे टिकलीही नाहीत.

तरी वंश एवढ्यानेच 1993 चा निकाल समजत नाही, कारण 1989 मध्येही डिंकिन्स कृष्णवर्णीयच होते आणि जिंकले होते. त्या वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीच्या काही दिवस आधी, ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्टमध्ये एका कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्या टोळक्याने खून केला होता. शहराला जोडणारा शांत माणूस म्हणून लोकांनी डिंकिन्स यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी तीन वेळा महापौर राहिलेल्या एड कॉच यांना पक्षातच हरवलं. क्राउन हाइट्सने नेमका तो भरवसा मोडला.

मतपत्रिकेवरची दुसरी रांग

नाराज डेमोक्रॅटिक मतदाराला मतदान यंत्रावर रिपब्लिकन रांगेतला खटका ओढणं अवघड जातं. आई-वडिलांनी, युनियनने, चर्चने किंवा सिनेगॉगने पिढ्यान्‌पिढ्या दुसरी सवय लावलेली असते. इथे न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यातली एक तरतूद कामाला येते, जी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत नाही. एकाच उमेदवाराला दोन किंवा जास्त पक्ष तिकीट देऊ शकतात. त्याचं नाव प्रत्येक पक्षाच्या रांगेत वेगळं छापलं जातं, मतं रांगेनुसार वेगळी मोजली जातात आणि मग त्यांची बेरीज होते.

लिबरल पक्ष 1944 मध्ये युनियनच्या नेत्यांनी काढला. नावाप्रमाणे तो रिपब्लिकनांपासून लांबचा. पण रेमंड हार्डिंग यांच्या नेतृत्वाखाली त्याने 1989 आणि 1993, दोन्ही वेळा जुलियानींना तिकीट दिलं. 1993 मध्ये रिपब्लिकन रांगेत जुलियानींना 8,67,767 मतं पडली आणि लिबरल रांगेत 62,469. मताधिक्य 53,367. नुसत्या रिपब्लिकन रांगेतल्या मतांवर ते डिंकिन्स यांच्या मागे होते. लिबरल रांग नसती तर ही सगळी मतं गेलीच असती असं नाही. काहींनी नाइलाजाने रिपब्लिकन खटका ओढला असता. पण एवढ्या चुरशीत त्यातली काही हजार माणसं घरी बसणंही महागात पडलं असतं.

जॉन लिंडसे 1965 मध्ये रिपब्लिकन म्हणून जिंकले, तेव्हाही लिबरल रांगेतली त्यांची मतं मताधिक्याच्या दुपटीहून जास्त होती. 1969 मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना तिकीट नाकारलं, आणि ते लिबरल रांगेच्या जोरावर पुन्हा महापौर झाले. रिपब्लिकन महापौर ला गार्डिया 1945 च्या शेवटी पायउतार झाले तेव्हापासून 1993 पर्यंत रिपब्लिकन निशाणीवर महापौर झालेले लिंडसे एकटेच.

लिबरल पक्षाने हे फुकट केलं नाही. जुलियानींच्या कारकिर्दीत हार्डिंग यांच्या मुलांना पालिकेत मोठी पदं मिळाली, आणि त्यावर बरंच लिहिलं गेलं. दुसऱ्या रांगेची सोय मतदाराच्या कामाची असते तशी ती लहान पक्षाच्या पुढाऱ्याच्या कामाचीही असते. 2002 मध्ये पुरेशी मतं न मिळाल्याने त्या पक्षाची मतपत्रिकेवरची जागाच गेली.

जुलियानींनी 1993 ला आणखी दोन गोष्टी बदलल्या. 1989 मध्ये ते ऐटबाज सरकारी वकिलासारखे वागले होते. माफियांच्या पाच घराण्यांच्या नेत्यांवरचा खटला आणि ब्रॉन्क्समधले डेमोक्रॅटिक पुढारी स्टॅन्ली फ्रीडमन यांना भ्रष्टाचारात झालेली शिक्षा, ही त्यांची पुंजी होती. त्यातच पक्षांतर्गत निवडणुकीत रोनाल्ड लॉडर यांनी त्यांच्यावर लाखो डॉलर खर्चून टीका केली आणि हरल्यावरही कॉन्झर्व्हेटिव्ह रांगेत नाव कायम राहिल्याने सुमारे नऊ हजार मतं घेतली. 1993 मध्ये पक्षातून असा त्रास झाला नाही. प्रचाराची सूत्रं डेव्हिड गार्थ यांच्याकडे दिली. त्यांनी आधी लिंडसे आणि कॉच यांना निवडून आणलं होतं, म्हणजे इतर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणाऱ्या न्यूयॉर्करशी कसं बोलायचं हे त्यांना ठाऊक होतं. हिशेबनीस पदासाठी त्यांच्या पॅनेलवर हर्मन बडिलो होते: पोर्टो रिकोत जन्मलेले, काँग्रेसमध्ये राहून आलेले, डेमोक्रॅटिक पक्षाचे जुने नेते. बडिलो स्वतः हरले, पण लॅटिनो मतदारांना एक ओळखीचा चेहरा दिसला. आणि 1989 मध्ये डिंकिन्स यांच्याकडून हरलेले एड कॉच या वेळी उघडपणे जुलियानींच्या मागे उभे राहिले. ‘मी डेमोक्रॅट आहे आणि या वेळी त्यांना मत देतोय’ असं म्हणणारा माजी महापौर समोर दिसला की क्वीन्समधल्या एखाद्या सामान्य मतदाराची घुसमट कमी होते.

निवडणूक विषम वर्षी होती हेही महत्त्वाचं. राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान त्या दिवशी नव्हतं, त्यामुळे पक्षाचं नाव पाहून वरपासून खालपर्यंत एकच निशाणी निवडणारी गर्दी आली नाही.

पक्षाला काय मिळालं

1993 ते 2009 या पाच निवडणुका ओळीने रिपब्लिकन रांगेवरच्या उमेदवारांनी जिंकल्या: दोनदा जुलियानी, तीनदा मायकल ब्लूमबर्ग. वीस वर्षं. या सगळ्या काळात 51 जणांच्या नगर परिषदेत रिपब्लिकन सदस्य बोटांवर मोजण्याइतके राहिले, आणि राष्ट्राध्यक्षपदाला शहराची सुमारे तीन चतुर्थांश मतं डेमोक्रॅटिक उमेदवारालाच पडत राहिली. जुलियानींनी स्वतः 1994 मध्ये गव्हर्नरपदासाठी आपल्याच पक्षाचे पटाकी यांना डावलून मारिओ क्युओमो यांना पाठिंबा दिला. ज्या आघाडीने त्यांना निवडून आणलं होतं ती पक्षाची नव्हती, आणि त्यांनाही ते माहीत होतं.

ब्लूमबर्ग तर आयुष्यभराचे डेमोक्रॅट. त्या पक्षाच्या गर्दीत तिकीट मिळणं कठीण म्हणून 2001 च्या तोंडावर रिपब्लिकन झाले. त्या वर्षी पक्षांतर्गत मतदानाच्या दिवशीच, 11 सप्टेंबरला, हल्ला झाला आणि मतदान पुढे ढकललं गेलं. मार्क ग्रीन आणि फर्नांडो फेरर यांच्यातल्या दुसऱ्या फेरीत इतकी कटुता आली की लॅटिनो आणि कृष्णवर्णीय मतदारांचा एक भाग ग्रीन यांच्यावर रुसला. ब्लूमबर्ग यांनी स्वतःचे सात कोटींहून जास्त डॉलर ओतले, जुलियानींचा पाठिंबा घेतला आणि साधारण 35 हजारांनी जिंकले. इंडिपेंडन्स पक्षाच्या दुसऱ्या रांगेत त्यांना 59 हजार मतं होती. आठ वर्षांनी पुन्हा तेच गणित: मताधिक्यापेक्षा दुसरी रांग मोठी.

ही सोय नसली की काय होतं ते फिलाडेल्फियात दिसतं. 1999 मध्ये रिपब्लिकन सॅम कॅट्झ तिथे दहा हजारांहूनही कमी मतांनी हरले. 2003 मध्ये त्याच जॉन स्ट्रीट यांच्याशी पुन्हा लढत झाली आणि मतदानाच्या महिनाभर आधी महापौरांच्या कार्यालयात एफबीआयने लावलेलं गुप्त श्रवणयंत्र सापडलं. एरवी अशा बातमीने सत्ताधारी बुडतो. पण वॉशिंग्टनमध्ये बुश यांचं सरकार होतं, ‘रिपब्लिकन सरकार आपल्या महापौरामागे लागलंय’ अशी भावना पसरली, मतदार पक्षाकडे परतले आणि स्ट्रीट मोठ्या फरकाने जिंकले. शहराची निवडणूक देशाची झाली की दुबळ्या पक्षाची संधी तिथेच संपते. लॉस एंजेलिसमध्ये उलट: तिथे पालिकेच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. तिथल्या 1992 च्या दंगलीनंतरच्या वर्षी, जून 1993 मध्ये, रिपब्लिकन रिचर्ड रिऑर्डन तिथे सहज निवडून आले.

न्यूयॉर्कमध्ये 2013 नंतर दार बंद झालं. जो लोटा यांना 24 टक्के, 2017 मध्ये निकोल मॅलिओटाकिस आणि 2021 मध्ये कर्टिस स्लिवा यांना साधारण 28 टक्के. आणि 2025 मध्ये त्याच स्लिवा यांना जेमतेम 7 टक्के, तेही डेमोक्रॅटिक पक्ष उभा फुटलेला असताना. झोहरान ममदानी यांनी पक्षांतर्गत निवडणूक जिंकल्यावर अँड्र्यू क्युओमो अपक्ष उभे राहिले. जी नाराज मतं 1993 मध्ये जुलियानींच्या लिबरल रांगेतून आली असती, त्यांना या वेळी रिपब्लिकन उमेदवाराकडे वळण्याची गरजच उरली नाही. त्यांच्याच पक्षातला माजी गव्हर्नर समोर होता. मतदानाच्या आदल्या दिवशी ट्रम्प यांनीही आपल्या पक्षाच्या स्लिवांना सोडून क्युओमो यांना मत द्यायला सांगितलं. स्लिवांनी माघार घ्यावी असा दबाव आधीपासून होता आणि त्यांनी तो मानला नाही. निकालानंतर काहींनी त्यांच्यावर मतं खाल्ल्याचा ठपका ठेवला. पण ममदानींना निम्म्याहून जास्त मतं होती. स्लिवांचं एकूण एक मत क्युओमोंच्या पारड्यात टाकलं, तरी बेरीज पुरत नव्हती.